अंधाराचे वेळापत्रक : महाराष्ट्रातील भारनियमनाचा आणि वीजबिलाचा इतिहास

१.
मराठीत वीज 'जाते' आणि 'येते'. पाऊस येतो, ताप जातो, तशीच लाइटही येते-जाते. वाक्याला कर्ता वीजच असते. तिला घालवणारा कोणी असतो, हे भाषेत उमटत नाही. याच मराठीने गेल्या काही दशकांत आणखी एक शब्द रूढ केला, तो म्हणजे भारनियमन. यातला 'नियमन' हा अंश महत्त्वाचा आहे. नियमन म्हटले की नियम आला, नियम करणारा आला आणि नियम ज्याच्यावर लादला जातो तोही आला. आजचा धागा या दुसऱ्या शब्दाविषयी आहे.

२.
प्रतिपादन थोडक्यात असे : महाराष्ट्रात अखंड उजेड कोणाला, त्याची किंमत कोणाच्या माथी आणि टंचाई आली तर अंधारात कोण, हे शंभराहून अधिक वर्षे कागदावर ठरत आले आहे. परवाना, करार, आदेश, वेळापत्रक आणि बिल अशी या कागदांची रूपे बदलली. प्रश्न तोच राहिला. घरातला इन्व्हर्टर आणि दरमहा येणारे बिल हे दोन्ही या निर्णयांचेच अवशेष आहेत. म्हणून सुरुवात मुंबईपासून करू आणि शेवटी आपल्या घरातल्या बिलाकडे येऊ.

३.
१८८२ मध्ये मुंबई नगरपालिकेने ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीशी करार करून क्रॉफर्ड मार्केटमध्ये विजेचे दिवे लावले. पुढच्याच वर्षी ती कंपनी गुंडाळली गेली आणि मंडईत पुन्हा गॅसबत्त्या आल्या. आपल्याकडील विजेच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर एक 'लाइट गेली' आहे, आणि तिचे कारण आर्थिक आहे. पुढे १९०५ मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, म्हणजे आजच्या बेस्टची पूर्वज, स्थापन झाली. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली. १९१० च्या कायद्याने परवान्याची चौकट घालून दिली : अमुक कंपनीने अमुक हद्दीत वीज पुरवावी. हद्दीबाहेरच्या माणसाचा विचार त्या चौकटीत नव्हता.

४.
मुंबईच्या कापडगिरण्या वाफेवर चालत आणि त्यासाठी लागणारा कोळसा दूर बंगालच्या बाजूने आणावा लागे. सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र पाऊस धो धो कोसळत होता. माथ्यावर पाणी अडवून ते नळांतून कोकणात सोडावे आणि त्या वेगावर वीज करावी, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या हयातीत आकाराला आली. त्यांच्या निधनानंतर १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईला वीज मिळू लागली. पाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही केंद्रे सुरू झाली. घाटमाथ्याचे पाणी मुंबईचा उजेड झाले.

५.
भिऱ्याच्या वीजगृहासाठी मुळशीला धरण बांधायचे होते आणि मुळशी पेट्यातली मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली जायची होती. १९२१ च्या रामनवमीला तिथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही उपाधी मिळाली ती याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे हेही त्यात अग्रणी होते. कसणारी कुळे जमीन सोडायला तयार नव्हती, तर जमिनीवर कागदोपत्री हक्क असलेल्या अनेक सावकारांना मोबदला पुरेसा वाटत होता. लढा मोडला, धरण झाले. मुंबईच्या उजेडाची पहिली मोठी किंमत कोणत्याही ग्राहकाच्या बिलावर छापलेली नव्हती; ती मुळशीकरांनी जमिनीच्या रूपाने आधीच चुकती केली होती.

६.
या केंद्रांमुळे मुंबईला एक दुर्मीळ गोष्ट लाभली : शहराच्या हाताशी स्वतःची वीज. जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू करता येतो. औष्णिक संचाला तासन्‌तास लागतात. पुढे ट्रॉम्बेची औष्णिक केंद्रे या व्यवस्थेत आली. त्या आधारावर मुंबईसाठी 'आयलँडिंग' यंत्रणा उभी राहिली. राज्याच्या जाळ्यात मोठा बिघाड झाला की शहर आपोआप त्या जाळ्यापासून तुटते आणि स्वतःच्या केंद्रांवर, एखाद्या बेटासारखे, तगून राहते. मुंबईत लाइट जात नाही, ही म्हण होण्याइतकी रुळलेली समजूत या यंत्रणेतून आली. शहराचा स्वभाव वगैरे त्यात काही नव्हते. आधी केलेल्या गुंतवणुकीचे ते फळ होते.

७.
उरलेल्या महाराष्ट्राची कथा वेगळी आहे. १९४८ च्या कायद्याने राज्य वीज मंडळांचा मार्ग मोकळा झाला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. कोयना हा त्या काळाचा मोठा आधार. सह्याद्रीच्या पोटात, पोफळीच्या भूमिगत वीजगृहात, १९६२ पासून वीजनिर्मिती सुरू झाली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला. सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली, वीजगृह बंद पडले आणि मुंबईच्या उद्योगांपर्यंत त्याची झळ पोचली. पूर्वेच्या खोऱ्यातले पाणी पश्चिमेचे कारखाने किती चालवते, हे अनेकांना त्या दिवशी प्रथम कळले.

८.
मंडळाने गावोगाव खांब रोवले, विहिरींवर मोटेऐवजी पंप आले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात शेतीपंपांसाठी मीटरऐवजी पंपाच्या अश्वशक्तीवर ठरावीक आकारणी सुरू झाली. शेतकऱ्याला ती सोयीची होती, मंडळालाही मीटर वाचायला माणूस पाठवावा लागत नव्हता. परंतु या सोयीचा एक दूरगामी परिणाम झाला : शेतीला नेमकी किती वीज जाते, हे कोणालाच मोजून ठाऊक नव्हते. मग तारांतून गळालेली, आकडा टाकून उचललेली आणि हिशेबात न बसणारी वीजही 'शेतीचा वापर' या रकान्यात टाकणे सोपे झाले. १९९९ मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला, त्याच्यासमोर जाहीर सुनावण्या झाल्या आणि हा रकाना उघडा पडला. मंडळ सुमारे १८ टक्के गळती सांगत होते. छाननीत ती ३० टक्क्यांच्या पुढे निघाली. शेतकरी फुकटात वीज संपवतो, या शहरी तक्रारीचा बराचसा पाया त्या न मोजलेल्या रकान्यात होता.

९.
याच काळात दाभोळ घडले. जून १९९२ मध्ये एन्रॉनशी सामंजस्य करार आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला. करारातले कळीचे कलम स्थिर आकाराचे होते : मंडळाने वीज उचलली नाही तरी क्षमतेपोटी पैसे द्यावेच लागणार. इंधन आयातीचे आणि हिशेब डॉलरशी बांधलेला. पुण्याच्या 'प्रयास' या संस्थेने कराराचे आकडे मांडून हा भार आधीच दाखवून दिला होता. १९९५ मध्ये सत्ताबदल झाला, प्रकल्प रद्द झाला, फेरवाटाघाटी झाल्या आणि तो पहिल्यापेक्षा मोठा होऊन परतला.

१०.
१९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. नाफ्था महागला, रुपया घसरला. मंडळ वीज कमी उचलू लागले, तसा स्थिर आकार थोड्या युनिटांवर विभागला गेला आणि २००० च्या सुमारास एका युनिटचा दर सात रुपयांच्याही पुढे पोचला. मे २००१ मध्ये खरेदी थांबली, प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉन कंपनीनेच अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. दाभोळचे संच २००६ पर्यंत गप्प उभे होते. महागड्या विजेच्या धसक्याने राज्यात नवी क्षमताही पुरेशी उभी राहिली नाही. परिणामी ज्या राज्याला २००० मध्ये 'जास्तीच्या' विजेची चिंता होती, ते पाचच वर्षांत टंचाईने हैराण झाले.

११.
आता आपण मुख्य काळात येतो. जून २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या. मागणी आणि पुरवठा यांतील तफावत तेव्हा सुमारे ४,००० मेगावॅट आणि कधी त्याहूनही अधिक होती. एवढी वीज नाहीच, तर कोणाच्या तरी घरी ती जाणार नाही, हे उघड होते. कोणाच्या, हा प्रश्न नियामक आयोगापुढे आला आणि त्याचे उत्तर आदेशांच्या रूपाने लिहिले गेले. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी हे आदेश म्हणजे दुर्मीळ साधन आहे : अंधाराची वाटणी कोणत्या तत्त्वावर करावी, हे एका संस्थेने सकारण लिहून ठेवले आहे.

१२.
तत्त्व असे ठरले की ज्या भागात वितरण हानी जास्त आणि वसुली कमी, तिथे भारनियमनाचे तास जास्त. त्यानुसार भागांचे अ, ब, क, ड असे गट पडले. वीज चोरणाऱ्याला चाप आणि प्रामाणिक ग्राहकाला दिलासा, असे त्यामागचे समर्थन होते. पण तार माणूस ओळखत नाही. ती फीडर ओळखते. एकाच फीडरवर एक घर वेळेवर बिल भरते, दुसरे आकडा टाकते. अंधार दोघांच्याही वाट्याला सारखाच येतो. ब्रिटिश अमलात दंगा झालेल्या गावात जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च साऱ्या गावाकडून वसूल करीत, त्याची इथे आठवण व्हावी. सामूहिक शिक्षेचे तत्त्व विसाव्या शतकाबरोबर संपले नव्हते. ते वेळापत्रकात येऊन बसले होते.

१३.
भूगोलही सरळ नव्हता. मुंबई या वेळापत्रकाबाहेर होती. इतर शहरांत काही तास, तर कृषिप्रधान भागांत दहा-बारा तासांपर्यंत वीज नसे. विदर्भाची व्यथा तर उपरोधिक होती. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा ही मोठी औष्णिक केंद्रे तिथली. कोळशाची धूळ आणि राख तिथल्या माणसांच्या अंगणात. आणि भारनियमनही तिथेच. मुळशीत जे १९२१ मध्ये विचारले गेले, तेच ऐंशीहून अधिक वर्षांनी विदर्भात विचारले जात होते : वीज जिथे होते तिथे ती का राहत नाही?

१४.
वेळापत्रकाने घराची दिनचर्या कशी बदलली, हे सरकारी कागदांत सापडत नाही. लाइट जायच्या आत टाकी भरणे, मिक्सरवरचे वाटण उरकणे, गिरणीत दळणाचा डबा आधी लावून ठेवणे, दहावीच्या मुलाने अभ्यासाचे तास भारनियमनाच्या तासांभोवती बसवणे. शेतीला वीज बहुधा रात्रीची. म्हणून हिवाळ्यात मध्यरात्री उठून, बॅटरीच्या उजेडात, साप-विंचवाच्या भीतीने जपून पाऊल टाकत दारे धरायला जाणे. कंदील आणि चिमणी माळ्यावरून खाली उतरल्या, पण रॉकेल शिधापत्रिकेवर मोजून मिळे. माझ्या पिढीचे बालपण या वेळापत्रकाच्या अखेरच्या वर्षांत गेले, त्यामुळे ते आम्हाला निसर्गनियमासारखे वाटले, यात नवल नाही.

१५.
ज्यांना परवडले त्यांनी इन्व्हर्टर घेतला. त्याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास, अर्थात १.८ युनिट. पण ही बॅटरी दर वेळी तळापर्यंत उपसली तर लवकर मरते आणि इन्व्हर्टरमध्येही काही वीज उष्णता होऊन जाते. हाताशी साधारण एक युनिट उरते, आणि ते परत मिळवायला दीड युनिटच्या आसपास भरावे लागते. त्यात तीन-पाच वर्षांनी बदलायच्या बॅटरीची किंमत धरली, तर घरातली सर्वांत महाग वीज ही बॅटरीतली असते. शिवाय वीज परत येताच हजारो घरांतल्या बॅटऱ्या एकदम चार्ज होऊ लागत आणि टंचाईच्या जाळ्यावर आणखी भार पडे. घराघराने शोधलेला उपाय साऱ्यांची अडचण थोडी वाढवत होता.

१६.
या कोंडीतून दोन वेगळे प्रयोग निघाले. पहिला पुण्याचा. २००६ मध्ये उद्योगांच्या संघटनेने प्रस्ताव मांडला : कारखान्यांकडे स्वतःचे डिझेल जनरेटर आहेत, टंचाईच्या तासांत ते चालवावेत, म्हणजे कारखान्यांच्या वाट्याची जाळ्यातली वीज शहराला मिळेल. डिझेलची वीज महाग, तेव्हा फरकाची भरपाई करण्यासाठी 'रिलायबिलिटी चार्ज' हा जादा आकार लावावा. मात्र महिन्याला ३०० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरांना तो लावू नये. आयोगाने मान्यता दिली आणि पुणे भारनियमनातून सुटले. 'पुणे मॉडेल' म्हणून त्याचा गाजावाजा झाला. घराघरात बॅटरी घेण्यापेक्षा सर्वांनी मिळून वीज विकत घेणे शहाणपणाचे, हे त्याचे सार होते. परंतु हे साधण्यासाठी गावात कारखाने, कारखान्यांत जनरेटर आणि बिल भरण्याजोगे खिसे हवेत. त्याच जिल्ह्यातल्या दूरच्या वाडीला हे मॉडेल उपलब्ध नव्हते.

१७.
दुसरा प्रयोग खेड्यांचा, आणि त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. त्याचे नाव अक्षय प्रकाश योजना. गावाने एकत्र बसून ठरवायचे की संध्याकाळच्या ऐन मागणीच्या वेळी पंप, गिरणी आणि इतर जड यंत्रे कोणी लावणार नाही, आकडे काढून टाकले जातील. बदल्यात त्या वेळी घरातले दिवे विझणार नाहीत. गावापाशी द्यायला पैसे नव्हते, तेव्हा गावाने संयम दिला. ज्या गावात हा शब्द पाळला गेला तिथे रात्रीच्या जेवणाला उजेड आला. जिथे एखाद्याने कंडेन्सर जोडून चोरून पंप चालवला तिथे साऱ्या गावाचा करार मोडला. पुढे गावठाणाचा आणि शेतीचा फीडरच वेगळा करण्याचे काम हाती घेण्यात आले आणि शेजाऱ्याच्या शब्दावरचे हे अवलंबन कमी झाले.

१८.
हे दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहा. शहराने उजेड विकत घेतला, खेड्याने तो स्वतःवर बंधन घालून मिळवला. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे : अंधार अटळ नव्हता, तो कोणत्या अटीवर टळेल याची बोलणी झाली. अखेर नवी क्षमता आली, बाहेरून खरेदी वाढली, आणि डिसेंबर २०१२ मध्ये राज्य भारनियमनमुक्त झाल्याचे जाहीर झाले. जास्त हानीच्या फीडरांना मात्र ही मुक्ती लागू नव्हती. १२ व्या मुद्द्यातले तत्त्व टंचाई ओसरल्यावरही टिकून राहिले.

१९.
२०२० या एकाच वर्षाने हा सारा इतिहास पुन्हा उजळणीला आणला. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. हजारो खांब आडवे झाले आणि रायगड-रत्नागिरीतल्या अनेक गावांत वीज यायला काही आठवडे लागले. १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई महानगरात वीज गेली. कळवा-पडघा परिसरातल्या उच्चदाबाच्या वाहिन्यांतला बिघाड पसरला आणि मुंबईला बेट बनवणारी ती यंत्रणा या वेळी अपयशी ठरली. लोकल थांबल्या, रुग्णालये जनरेटरवर गेली. काही तासांत बहुतेक ठिकाणी वीज परतली. मुंबईच्या काही तासांची चौकशी झाली, ती राष्ट्रीय बातमी झाली, ते योग्यच होते. कोकणातल्या आठवड्यांना तेवढी जागा मिळाली नाही. बातमीतही अंधाराची वाटणी समान नसते.

२०.
आज छपरावर सौर पॅनेल बसवणारी घरे वाढत आहेत. २०२४ मध्ये केंद्राने 'पीएम सूर्यघर' योजना आणली. पण अनेकांना पहिल्या बिघाडाच्या दिवशी धक्का बसतो : बाहेर लख्ख ऊन आणि घरात पंखा बंद! कारण जाळ्याला जोडलेला साधा सौर इन्व्हर्टर, जाळ्यात वीज नसेल तर स्वतःहून बंद होतो. तसे झाले नाही तर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या कामगाराला तुमच्या छपरावरच्या विजेचा झटका बसेल. घराला 'बेट' व्हायचे असेल तर बॅटरी आणि तसा खास इन्व्हर्टर हवा. मुंबईसाठी जे तत्त्व होते तेच तुमच्या घराला लागू आहे. बेट होणे फुकट मिळत नाही, त्याची तरतूद आधी करावी लागते. पॅनेल बसवताना हा प्रश्न विक्रेत्याला पहिल्या भेटीतच विचारा.

२१.
आता घरातले बिल हाती घ्या आणि ते एखाद्या बखरीसारखे वाचा.
स्थिर आकार : एकही युनिट न जाळता द्यावयाची रक्कम. वीजकेंद्रे आणि तारा उभ्या ठेवण्याचा खर्च वापराशिवायही चालू असतो. दाभोळच्या वादाचे मूळ याच खर्चात होते.
वीज आकार : ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असे चढते टप्पे. ३०१ वे युनिट वरच्या दराने लागते, आधीची ३०० नव्हेत. सारे बिल वरच्या दराने जाते हा गैरसमज आहे. कमी वापराच्या घराला संरक्षण द्यावे, हे जुने सामाजिक तत्त्व या टप्प्यांत आहे.
वहन आकार : तारांचे भाडे. २००५ च्या विभाजनानंतरच्या, निर्मिती आणि वितरण यांचा हिशेब वेगळा मांडणाऱ्या काळाची ही खूण.
इंधन समायोजन आकार : कोळसा-वायूच्या भावातली चढउतार तुमच्यापर्यंत पोचवणारी ओळ.
वीज शुल्क, १६ टक्के : हा राज्य सरकारचा कर.
छापलेली नसलेली एक ओळही आहे. उद्योगांना लावलेल्या चढ्या दरातून शेतीच्या आणि लहान घरांच्या दराला मिळणारा आधार. ती ओळ राजकारणात वाचावी लागते.

२२.
घरापुरता या इतिहासातून व्यावहारिक धडा काय? बॅटरी मोठी घेण्याआधी गरज लहान करावी. दोन जुने पंखे ७५ वॅटचे आणि दोन ट्यूबलाइट ४० वॅटच्या धरल्या तर २३० वॅट होतात. बॅटरीतले एक युनिट जेमतेम सव्वाचार तास पुरते. तेच पंखे ३० वॅटचे बीएलडीसी आणि दिवे १० वॅटचे एलईडी असतील तर ८० वॅट. तेच युनिट बारा तास जाते. हा बदल रोजचे बिलही उतरवतो, बॅटरी मात्र ते वाढवते. बाकी तयारी जुनीच आहे. टाकी भरलेली, फ्रिजचे दार बंद, बॅटरी हाताशी, फोन चार्ज केलेला. आणि घरात ऑक्सिजन-यंत्र किंवा इन्सुलिन असेल तर त्यासाठीची वेगळी सोय आधीच ठरलेली. ज्याच्या घरात असा रुग्ण आहे त्याच्यासाठी फीडरचा गट हा सांख्यिकीचा विषय नसतो.

२३.
म्हणून शेवटी एक विनंती. आयोगाचे आदेश जपले जातील, करार अभ्यासले जातील. घरातले कागद मात्र रद्दीत जातात. २००५ ते २०१२ या काळातली बिले, वर्तमानपत्रातून कापून कपाटाच्या दाराला चिकटवलेले भारनियमनाचे वेळापत्रक, इन्व्हर्टरची पहिली पावती, अक्षय प्रकाशसाठी झालेल्या ग्रामसभेचा ठराव, यांतले काही तुमच्या घरी किंवा गावी असेल तर त्याचे छायाचित्र काढून ठेवा. आई-आजोबांना विचारा : तुमच्या गावाला कोणता गट होता, लाइट किती वाजता जाई, रात्री दारे धरायला कोण जाई? उत्तरे तारखेसह लिहून काढा.

मुळशीच्या मावळ्यांनी दिलेली किंमत बिलावर छापली गेली नाही, पण कोणीतरी ती लिहून ठेवली म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. बारा तास अंधारात बसलेल्या गावांची नोंद अजून व्हायची आहे, आणि ती सांगणारी माणसे आज आपल्यात आहेत.